किशोरवयीन मुलांच्या वाचनगटासाठी पुस्तकं कशी निवडावीत?

मधली_सुट्टी

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीतल्या आमच्या छोट्या वाचनालयात येत्या जूनपासून आठवी ते अकरावीच्या मुलांचा वाचनगट सुरू करतोय. महिन्याला एक पुस्तक आणि दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी दीड तास गप्पा, एवढंच स्वरूप आहे. बारा-चौदा मुलांनी नावं दिली आहेत. थोडी मराठी माध्यमातली, बरीचशी सेमी-इंग्रजीतली आणि काही जण घरी उत्तम मराठी बोलणारे, पण छापील पान समोर आलं की दमणारे.

अडलंय ते पुस्तकांपाशी. समितीतल्या प्रत्येकाने यादी दिली. त्या सगळ्या याद्या मी एकत्र मांडून बघितल्या, तर प्रत्येकाने त्या वयात स्वतःला जे आवडलं होतं तेच लिहिलंय, किंवा मुलांनी जे 'वाचायलाच हवं' ते. पुस्तकं चांगलीच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण गटात वाचायचं पुस्तक आणि एकट्याने वाचायचं पुस्तक यांत फरक असतो असं मला हल्ली फार वाटतं. काही पुस्तकं इतकी निर्विवाद असतात की सगळे 'छान होतं' म्हणतात आणि दहा मिनिटांत बोलणं संपतं. एकाच माणसाबद्दल दोन मुलं दोन मतं घेऊन आली आणि तासभर भांडली, असं घडवणारं पुस्तक गटाला हवं.

उदाहरण देते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ची आहे, आकाराने लहान. मास्तर स्वतःच पोरसवदा आहे, औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, आणि मुलं शाळेत येत नाहीत. का यावीत? मेंढरं कोण राखणार? हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलाला विचारला की तो गप्प बसत नाही. मास्तर वाडीसाठी तालीम बांधून घेतो. ती वाडीची गरज होती की मास्तरची हौस, यावर तर दोन तट पडतात.

तुम्ही असे गट चालवले असतील, मुलांबरोबर वाचलं असेल, तर कोणत्या पुस्तकावर मुलं खरोखर बोलली ते सांगा. नुसती नावं नकोत. का चाललं किंवा का नाही चाललं, तेही लिहा.

सह्यभटक्या

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

माझ्याकडून 'रारंग ढांग'. प्रभाकर पेंढारकर, १९८१. हिमालयात लष्कराच्या शिस्तीत रस्ता बांधण्याचं काम, तिथे मुंबईहून आलेला तरुण इंजिनिअर विश्वनाथ. वरिष्ठांचा हुकूम आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी यांची टक्कर होते तेव्हा काय करायचं, हा त्या कादंबरीचा गाभा आहे. दहावी-अकरावीच्या मुलांना रोज घरी आणि शाळेत हाच प्रश्न पडलेला असतो. ट्रेकच्या एका मुक्कामात आमच्यातल्या पोरांनी यावर रात्री उशिरापर्यंत वाद घातला होता. शिस्त मोडणाऱ्याची बाजू सगळेच घेतील असं मला वाटलं होतं, पण एनसीसीतल्या एका मुलीने लष्कराची बाजू इतकी नेटाने मांडली की बाकीच्यांना पुन्हा पुस्तक उघडावं लागलं.

आठवीच्या मुलांना मात्र सुरुवात जड जाते. तांत्रिक शब्द बरेच आहेत.

जुना_ग्रंथपाल

मधली सुट्टी ताई, उपक्रमाला शुभेच्छा. मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं (विदर्भातलं 'ब' वर्गाचं वाचनालय), म्हणून थोडं व्यवहाराचं बोलतो.

पुस्तक ठरवण्याआधी प्रती मोजा. गट बारा जणांचा असेल तर किमान सहा प्रती हाताशी हव्यात, दोघांत एक. आपल्या बहुतेक वाचनालयांत एका पुस्तकाची एकच प्रत असते, फार तर दोन. आणि मराठीत चांगल्या पुस्तकाची आवृत्ती संपली की पुनर्मुद्रण कधी होईल याचा भरवसा नसतो. मुलांना पुस्तक आवडलं, जाहीर झालं, आणि बाजारात प्रतच नाही, असं झालं तर गट पहिल्या दोन महिन्यांतच विस्कटतो. म्हणून तीन महिने आधी यादी करा, प्रकाशकाला फोन करून साठा विचारा, शेजारच्या वाचनालयांकडून महिन्याच्या बोलीवर प्रती मागून घ्या. ग्रंथपाल मंडळी सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त लेखी पत्र द्यावं आणि अनामत ठेवावी.

झेरॉक्स काढून वाटण्याचा मोह होईल. तो टाळावा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे 'श्यामची आई' आता मुक्त आहे, आणि म्हणूनच ती इतक्या प्रकाशकांकडून स्वस्तात मिळते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चंही तसंच. पैसे नसतील तेव्हा ही दोन पुस्तकं मोठा आधार आहेत.

आणखी एक खजिना: बालभारतीचं 'किशोर' मासिक. १९७१ला सुरू झालं, आणि जुने अंक बालभारतीने संगणकावर मोफत वाचायला ठेवले आहेत. ज्या महिन्यात पुस्तक जमणार नाही, त्या महिन्यात जुन्या अंकातल्या दोन कथा निवडून वाचा. मुलांना त्यातली चित्रंही बघू द्या.

वडाची_पारंबी

चांगला विषय. मी आई म्हणून लिहिते आहे.

अशा याद्यांत 'शाळा' हमखास असते. पुस्तक मी वाचलंय, आवडलंही. पण आठवीतल्या, तेरा वर्षांच्या मुलीला गटात बसून ते वाचायला लावावं का? त्यात शिव्या आहेत, मुलींबद्दल मुलं जे बोलतात ते जसंच्या तसं आहे. घरी तिने एकटीने वाचलं तर माझी हरकत नाही. पण समोर अकरावीतले मुलगे बसलेत आणि त्यांच्यासमोर तिने त्यावर मत द्यायचं, हे मला जड जातं. निवड करताना एवढा विचार व्हावा.

कृष्णाकाठ

@वडाची_पारंबी ताई, तुमची शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर पुस्तकापेक्षा गटाच्या रचनेत आहे असं मला वाटतं. मी सांगली जिल्ह्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो, आणि शाळेच्या वेळेबाहेर असा गट चालवतो. आठवी आणि अकरावी एकत्र बसवली की दोघांचंही नुकसान होतं. त्या तीन वर्षांत मुलं किती बदलतात ते आपण घरात बघतोच. आम्ही आठवी-नववीचा एक आणि दहावीपुढचा एक असे दोन गट केले. 'शाळा' आम्ही दुसऱ्या गटाला देतो, आणि देण्याआधी पालकांना निरोप जातो: हे पुस्तक घेतोय, विषय असा आहे, शंका असेल तर आधी तुम्ही वाचा, प्रत वाचनालयात आहे. आजवर वाचून कोणी मुलाला थांबवलेलं नाही.

आता 'शाळा' का घ्यावी ते सांगतो. मिलिंद बोकिलांची ही कादंबरी २००४ची, पण काळ आणीबाणीचा. नववीतला मुकुंद जोशी शिरोडकरच्या प्रेमात आहे, एवढंच धरून मुलं वाचायला लागतात. मग हळूहळू कोणीतरी विचारतं, सर, बाहेर हे काय चाललंय, ही माणसं तुरुंगात का आहेत? इतिहासाच्या पुस्तकातल्या धड्यापेक्षा आणीबाणीबद्दल जास्त प्रश्न मला या कादंबरीमुळे आले. आणि एक मुलगी म्हणाली, सगळं मुकुंदाच्या डोळ्यांनी दिसतं, शिरोडकरला काय वाटत होतं ते कुठेच नाही. आमचा पुढचा पाऊण तास त्यावर गेला. मुलगे आधी पुस्तकाची बाजू घेत होते, नंतर विचारात पडले. ते बोलणं व्हावं म्हणूनच तर पुस्तक निवडायचं.

निवडण्याची आमची पद्धत सांगतो. मी तीन पुस्तकं आणतो. मुखपृष्ठ वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, लेखकाचं नाव सांगत नाही. प्रत्येकाची पहिली दोन पानं मोठ्याने वाचतो, आणि मुलं चिठ्ठीवर आकडा लिहितात. गाजलेलं नाव, मोठा पुरस्कार, आईबाबांचं आवडतं, यातलं काहीच मग मध्ये येत नाही. दोन पानांत पकडणारं पुस्तक जिंकतं. यात संथ सुरुवातीची चांगली पुस्तकं मागे पडतात हे खरं आहे. म्हणून वर्षातून दोन पुस्तकं माझ्या हक्काची, बाकी सगळी त्यांची.

आणि पुस्तक अर्धवट सोडायची परवानगी आहे. अट एकच: सोडलं तरी गटाला यायचं, आणि कुठल्या पानावर सोडलं आणि का, ते सांगायचं. सर्वांत चांगल्या चर्चा कित्येकदा तिथून सुरू होतात.

पानगळ

वर्तमानपत्रात गुंडाळून वाचण्याची पद्धत फार आवडली. कृष्णाकाठ सर, हे आमच्या सोसायटीत नक्की करणार.

निळी_शाई

धाग्यात आतापर्यंत आलेली आणि समितीच्या याद्यांत असू शकतील अशी पुस्तकं डोळ्यांसमोर आणा. आजोळ, वाडा, परसातली विहीर, मे महिन्याची सुट्टी, प्रेमळ आजी. मराठी बालपण म्हटलं की हेच एक बालपण पुन्हा पुन्हा येतं. तुमच्या गटातल्या चौदा मुलांपैकी किती जणांचं घर असं आहे?

पहिलं नाव 'फकिरा'. अण्णा भाऊ साठे, १९५९. बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली कादंबरी. दुष्काळात उपाशी माणसांसाठी लूट करणारा, इंग्रजांशी लढणारा मांग समाजातला नायक. वेग असा की आळशी वाचकसुद्धा थांबत नाही. साहसकथा म्हणून द्या, मुलं साहसकथा म्हणूनच वाचतील, आणि शेवटी विचारतील की गुन्हेगार कोणाला म्हणायचं आणि ते कोण ठरवतं. ज्या माणसाला शाळेची पायरी जेमतेम चढता आली त्याने हे लिहिलं, हेही त्यांना कळू द्या.

दुसरं 'झोंबी'. आनंद यादव, १९८७. मुलाला शिकायचंय, बापाला तो शेतात हवाय. जाड आहे, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत द्या. बाप खलनायक आहे का, एवढा एकच प्रश्न ठेवा आणि बाजूला बसा.

दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) अकरावीच्या पुढे, आणि तेही आधी स्वतः नीट वाचून. त्यातलं सगळंच त्या वयाला देता येण्यासारखं नाही, पण निवडलेली प्रकरणं जरूर द्यावीत.

आणि आता जे मला सर्वांत कळकळीने सांगायचंय ते. असं पुस्तक गटात आलं की ज्या मुलाच्या घरचा इतिहास त्यात आहे, त्याच्याकडे सगळे वळून बघतात. 'तू सांग ना, तुमच्याकडे असं होतं का?' कृपा करून हे होऊ देऊ नका. त्या मुलाने किंवा मुलीने तिथे वाचक म्हणून यावं, साक्षीदार म्हणून नाही. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल. आणि त्याला त्या दिवशी फक्त भाषेवर किंवा घोड्यावरच्या वर्णनावर बोलायचं असेल, तर तेवढंच बोलू द्या. शाळेत असताना मी हे भोगलंय, म्हणून लिहिते.

मधली_सुट्टी

@निळी_शाई, मनापासून आभार. तुमचा शेवटचा परिच्छेद मी छापून गट घेणाऱ्या सगळ्यांना देणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

@कृष्णाकाठ सर, दोन गटांचं पटलं. आठवी-नववी आणि दहावी-अकरावी असेच करू.

निळी_शाई

हरकत अजिबात नाही.

देशस्थ_आजोबा

मी जुन्या पिढीचा. कुणाला आवडो न आवडो, पण मला वाटतं या वयात संस्कार करणारं साहित्य द्यावं. 'श्यामची आई' वगळून मराठी मुलांची यादी होऊच शकत नाही. गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ती लिहिली. एकेक रात्र म्हणजे एकेक गोष्ट, वाचायला सोपी. 'एक होता कार्व्हर' द्या. वीणा गवाणकरांनी १९८१ साली ते लिहिलं आणि आजही ते घराघरांत वाचलं जातं. गुलाम म्हणून जन्मलेला मुलगा शेतीचा शास्त्रज्ञ होतो, यापेक्षा मोठी प्रेरणा कोणती? वादासाठी वाद कशाला? काही पुस्तकं वाचून मुलं नुसती शांत झाली तरी ते वाचनच आहे.

दहावी_ब

नमस्कार. मी सोळा वर्षांची आहे आणि आईच्या परवानगीने लिहितेय. सगळे आमच्याबद्दल बोलताय म्हणून वाटलं आपणही लिहावं.

आजोबा, मला 'श्यामची आई' आवडतं. पण वाचून झाल्यावर प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतं, 'मग यातून काय शिकलीस?' त्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला आधीच माहीत असतं, कारण विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं असतं. मग आम्ही ते उत्तर देतो आणि विषय संपतो. मला खरं बोलायचं होतं ते श्यामच्या वडिलांबद्दल आणि कर्जाबद्दल. घरात इतकी वाईट वेळ आली, तर त्यात कोणाची चूक होती? आईने एवढं सगळं सहन करायला हवं होतं का? असं विचारलं तर आईचा अपमान केल्यासारखं बघतात.

आम्ही काय वाचतो? माझ्या मैत्रिणी मांगा (जपानी चित्रकथा) वाचतात, फोनवर गोष्टी वाचतात, इंग्रजीत जाडजाड मालिका वाचतात. त्यामुळे 'आजची मुलं वाचत नाहीत' असं म्हटलं की राग येतो. आम्ही मराठी कमी वाचतो, कारण मराठीत आमच्या वयाचं असं जे देतात ते एकतर दहा वर्षांच्या मुलांसाठी असतं, नाहीतर एकदम मोठ्यांसाठी. मधलं सापडत नाही.

मला सापडलेलं मधलं पुस्तक म्हणजे प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. लंपन माझ्याहून लहान आहे, पण त्याच्या डोक्यात जे चालतं ते मोठ्या माणसांना कळत नाही आणि मला कळतं. निळी शाई ताई म्हणतात तसं ते आजोळचंच पुस्तक आहे हे खरं. पण त्याला आईवडिलांपासून लांब का ठेवलंय, हे कोणी त्याला नीट सांगत नाही, ते मला खूप लागलं.

एक विनंती. गटात 'नाही आवडलं' म्हणायची मुभा द्या, आणि म्हटल्यावर समजावायला लागू नका.

कृष्णाकाठ

@दहावी_ब, बेटा, फार छान लिहिलंस. संत कराडला भूविज्ञान शिकवायचे, आमच्याच नदीकाठचे. लंपनची 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' अशी चार पुस्तकं आहेत. पुढची वाचलीस का?

दहावी_ब

सर, 'शारदा संगीत' झालं. 'पंखा' वाचनालयात कोणीतरी नेलंय.

देशस्थ_आजोबा

बाळा, श्यामच्या वडिलांबद्दल तू म्हणतेस तसा विचार मी या वयापर्यंत केला नव्हता. कर्जाचा प्रश्न तू बरोबर काढलास. ते प्रकरण आज रात्री पुन्हा वाचतो.

दूरदेशी

न्यू जर्सीहून लिहितेय. इथल्या मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांबरोबर आम्ही वाचतो. आमची अडचण मधली सुट्टी यांच्या 'पानावर दमणाऱ्या' मुलांसारखीच, फक्त जास्त तीव्र. उपयोगी पडलेल्या दोन गोष्टी सांगते.

मूळ मराठी आणि इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवून वाचणं. 'बनगरवाडी'चा राम देशमुखांनी केलेला इंग्रजी अनुवाद आहे, 'स्मृतिचित्रां'चा शांता गोखल्यांचा, 'बलुतं'चा जेरी पिंटोंचा. मुलं घरी इंग्रजीत वाचून येतात, मग एक प्रकरण गटात मराठीत मोठ्याने वाचतो. गोष्ट माहीत असली की मराठीची भीती जाते. काही जण इंग्रजी सोडून मराठीवरच येतात.

दुसरं म्हणजे मराठीत आलेली बाहेरची पुस्तकं. राम पटवर्धनांचं 'पाडस' आणि शांता शेळक्यांचं 'चौघीजणी'. मूळ पुस्तकं अमेरिकेतली, त्यामुळे इथल्या मुलांना जग ओळखीचं असतं आणि भाषा मराठी. 'पाडस'च्या शेवटावर आमच्याकडे रडारड झाली आणि त्यानंतर कडाक्याचं भांडण. ज्योडीने पाळलेलं हरणाचं पाडस पीक खातं, तेव्हा त्याच्या आईवडिलांना दुसरा मार्ग होता का? शेत वाचवायचं की मुलाचं मन? पिकावर घर चालतं म्हणजे काय, हे आमच्या उपनगरातल्या मुलांना पहिल्यांदा उमगलं.

'चौघीजणी'ला मुलगे येणार नाहीत असं सगळ्यांनी सांगितलं होतं. आले. चौघी बहिणींतल्या ज्योच्या निर्णयावर सर्वांत जास्त तेच बोलले. पुस्तक मुलींचं की मुलांचं, हे आपण मोठी माणसं ठरवतो.

मांडवीकाठ

पणजीहून. आमच्याकडे गट मराठी-कोंकणी मिश्र आहे. लिपी एकच असल्यामुळे एक महिना मराठी, एक महिना कोंकणी असं चालतं. दामोदर मावजो यांची एखादी कथा मूळ कोंकणीतून घेतो. कथा लहान असल्यामुळे गटात बसूनच वाचून होते. ज्या महिन्यात परीक्षा असतात तेव्हा हा मार्ग बरा. पुस्तकं राज्य मध्यवर्ती ग्रंथालयातून मिळतात, तिथला मुलांचा विभाग चांगला आहे.

परीक्षांचं वेळापत्रक निवडीत धरायलाच हवं. जाड पुस्तकं मे आणि दिवाळीत, बाकी दीडशे पानांच्या आत.

सह्यभटक्या

दीडशे पानांवरून आठवलं, माडगूळकरांचंच 'सत्तांतर'. माकडांच्या टोळ्यांची कथा. सत्ता बदलते म्हणजे काय होतं, नवा म्होरक्या आला की टोळीतल्या पिलांचं काय होतं, हे कुठेही माणसाचं नाव न घेता. साहित्य अकादमी मिळालेलं पुस्तक आहे, पण त्यासाठी सांगत नाही. जीवशास्त्र घेतलेली मुलं आणि राजकारणावर बोलणारी मुलं एकाच पुस्तकावर दोन बाजूंनी तुटून पडतात. ज्याला गोष्टीतली 'भावना' नकोशी वाटते अशा मुलाला आधी हे द्यावं.

तसंच कृष्णमेघ कुंटे यांचं 'एका रानवेड्याची शोधयात्रा'. मार्कांच्या शर्यतीत मागे पडलेला मुलगा मदुमलाईच्या जंगलात जातो आणि तिथे शिकतो. निकालाच्या महिन्यात द्या.

पानगळ

विज्ञानकथा कोणीच सांगितल्या नाहीत! जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह. १९७९चा असूनही कल्पना जुन्या वाटत नाहीत. एका बैठकीला एक कथा पुरते. तंत्रज्ञान कुठे चुकलं किंवा कुठे बरोबर आलं, हे शोधायला मुलांना आवडतं.

आणि लहान गटासाठी 'फास्टर फेणे' विसरू नका. भा. रा. भागवतांचा बन्या आठवीच्या मुलांना अजूनही धावायला लावतो. त्यावर चर्चा फार होणार नाही हे मान्य, पण पानावर दमणाऱ्या मुलाला एक अख्खं पुस्तक संपवल्याचा आनंद आधी मिळू दे. त्याशिवाय तो 'बनगरवाडी'पर्यंत पोहोचणार कसा?

मधली_सुट्टी

@पानगळ, अगदी बरोबर. मी सुरुवातीला लिहिलं होतं की वाद घडवणारं पुस्तक हवं. त्याच्या आधीची पायरी ही आहे, आणि लहान गटाच्या पहिल्या महिन्यासाठी बन्याच.

@वडाची_पारंबी, तुमची मुलगी आठवीत असेल तर लहान गटात येईल. 'शाळा' तिथे नाही.

@मांडवीकाठ, पानांचं आणि परीक्षांचं गणित वहीत उतरवलं.

आता एक प्रश्न उरतोच. बोलीभाषेचं काय करायचं? 'झोंबी'तली कागलकडची भाषा, 'वनवास'मधली सीमाभागातली. आमच्या मुलांना पहिली दहा पानं अडतील. शब्दार्थांची यादी द्यावी का?

निळी_शाई

नको. यादी दिली की ते धडा वाटतं. मोठ्याने वाचा. कानाला ती भाषा लागली की डोळ्यांना लागते. आणि गटात कोणाच्या घरी तशी भाषा बोलत असतील तर वाचायचा मान त्याला द्या. मी सांगितलं त्याच्या हे उलट वाटेल, पण इथे तो स्वतःबद्दल काही सांगत नाहीये. बाकीच्यांपेक्षा त्याला एक गोष्ट जास्त चांगली येते, एवढंच सगळ्यांना दिसतं. अर्थात आधी त्याला एकट्याला विचारून.

कृष्णाकाठ

शंभर टक्के सहमत. प्रमाणभाषेत अडखळणारी आमच्या गावची मुलं 'झोंबी' अशी वाचतात की वर्गात पहिली येणारी मुलं ऐकत राहतात.

वडाची_पारंबी

धन्यवाद मधली सुट्टी. मुलीला विचारलं, ती म्हणाली मोठ्या गटात कधी जाता येईल. 😊 मी 'शाळा' पुन्हा वाचायला घेतलंय, या वेळी शिरोडकरच्या बाजूने.

जुना_ग्रंथपाल

ताई, पहिल्या चार महिन्यांची यादी ठरली की इथे टाका. कोणाकडे जादा प्रती असतील तर जमवता येतील.

मधली_सुट्टी

समितीची बैठक झाली. ठरलंय ते असं. लहान गटाला जूनमध्ये फास्टर फेणे, जुलैत 'यक्षांची देणगी'तल्या दोन कथा. मोठ्या गटाला जूनमध्ये 'बनगरवाडी', कारण ती लहान आहे आणि प्रती मिळतात. जुलैत 'फकिरा'. ऑगस्टपासून मात्र यादी आमची नाही. दोन्ही गटांत वर्तमानपत्रात गुंडाळलेली तीन-तीन पुस्तकं आणि चिठ्ठ्या. त्या तिनांत काय ठेवायचं हे या धाग्यावरून निवडलंय: मोठ्या गटासाठी 'रारंग ढांग', 'पाडस', 'सत्तांतर'. 'झोंबी' दिवाळीत, सुट्टी लागण्याआधी पहिलं प्रकरण गटात वाचून. 'शाळा' जानेवारीत, पालकांना निरोप पाठवून. 'श्यामची आई' दोन्ही गटांना एकत्र, एकच बैठक, आणि 'काय शिकलात' हा प्रश्न कोणीही विचारायचा नाही.

'बनगरवाडी'च्या चार प्रती आहेत, अजून तीन हव्यात. 'फकिरा'च्या दोनच.

कृष्णाकाठ

'फकिरा'च्या पाच प्रती माझ्याकडे शाळेबाहेरच्या गटाच्या आहेत, जूनअखेरपर्यंत मोकळ्या होतील. पोस्टाने पाठवतो, ऑगस्टमध्ये परत करा. काही पानांवर पोरांनी पेन्सिलने लिहिलंय, ते खोडू नका, तुमच्या मुलांना वाचू द्या.

देशस्थ_आजोबा

मी ठाण्याला असतो. 'बनगरवाडी'च्या दोन प्रती घरी आहेत, शनिवारी आणून देतो. चालणार असेल तर 'श्यामची आई'च्या बैठकीला मागे बसून ऐकेन.

दहावी_ब

आजोबा, मागे कशाला? मीही डोंबिवलीतच राहते, नाव द्यायला उद्या येतेय. पण मधली सुट्टी काकू, चिठ्ठ्यांच्या तीन पुस्तकांत मराठीत लिहिणारे तिघेही पुरुषच आहेत. एक तरी बदला.

मधली_सुट्टी

खरंय. 'सत्तांतर' पुढच्या फेरीत, त्या जागी 'चौघीजणी'. तरी मूळ मराठीत बाईने लिहिलेलं पुस्तक त्यात नाहीच. जानेवारीनंतरच्या फेरीसाठी 'स्मृतिचित्रे' धरलंय. आणखी नावं सुचवा, मंडळी. दहावी-अकरावीला चालतील अशी, प्रती मिळणारी.